परतीच्या टाचण्या

सिग्नल हिरवा झाला आणि आपलं घर कुठल्या बाजूला आहे ते गेरिटला आठवेना. वेल्थी स्ट्रीट आणि ईस्टर्न अव्हेन्यूचा चौक. कोपऱ्यावरचं केस कापायचं दुकान, त्याच्यासमोर पूर्वी औषधांचं दुकान होतं आणि आता तरुण मुलंमुली काचेपाशी बसून कॉफी पितात ती जागा, चर्चचा विटांचा मनोरा, सगळं ओळखीचं होतं. नावं विचारली असती तर त्यानं धडाधड सांगितली असती. फक्त या सगळ्यातून घरी जाणारा जो एक रस्ता असतो, तेवढाच कुणीतरी उचलून नेला होता. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला, आधी सभ्यपणे, मग जरा लांब. शेजारी ॲलिडा किराण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतली अंडी चाचपता चाचपता ती म्हणाली, "डावीकडे." जणू अंड्यांबद्दलच बोलत होती. त्यानं गाडी डावीकडे घेतली आणि वळल्याबरोबर रस्ता जागच्या जागी आला, आपण कुठं गेलोच नव्हतो अशा थाटात. "त्या सायकलवाल्यासाठी थांबलो होतो मी," गेरिट म्हणाला. "हो ना," ॲलिडा म्हणाली. "वेडेच असतात ते." सायकलवाला कुणी नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गेरिट विअर्स्मानं ग्रँड रॅपिड्समध्ये उभा जन्म पावाची गाडी चालवली होती. पहाटे बेकरीतून निघायचं आणि दुकानादुकानांत पाव टाकत शहर पालथं घालायचं. कुठल्या गल्लीत बर्फ आधी साचतो, कुठल्या दुकानाचं मागचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, हे तो झोपेतही सांगू शकला असता. ॲलिडा म्हणायची, झोपेत सांगतोसच. अशा माणसाला स्वतःच्या चौकात कुणीतरी डावीकडे म्हणून सांगावं लागलं. त्या दिवसापासून तो घरात पाहुण्यासारखा जपून वागू लागला. कपाट उघडायच्या आधी आत काय असेल ते मनाशी म्हणून बघायचा. बरोबर निघालं की बरं वाटायचं, आणि एवढ्याशानं बरं वाटतंय याचीच मग भीती वाटायची. बर्नार्ड हुक्सेमाचं काय झालं ते त्यानं पाहिलं होतं. बर्नार्ड चर्चमध्ये त्याच्या पुढच्या बाकावर बसायचा. एक दिवस तो मुलीकडे म्हणून निघाला आणि भलत्याच गावात पेट्रोलपंपावर सापडला. मुलांनी आधी गाडीच्या चाव्या काढून घेतल्या, मग बंदुका, मग शिकारीचं धनुष्य. तुमच्याच भल्यासाठी, बाबा. पुढच्या उन्हाळ्यात ते धनुष्य घरापुढच्या हिरवळीवर जुन्या टोस्टरशेजारी विकायला मांडलं होतं, आणि बर्नार्ड शेजारी खुर्चीत बसून गिऱ्हाइकांकडे बघून गोड हसत होता. ते हसणं गेरिटच्या मनातून जात नव्हतं. म्हणून त्यानं स्वतःशीच एक करार केला. शनिवारी हरणाच्या शिकारीला रानात जायचं. एकट्यानं आपल्या मचाणाच्या झाडापर्यंत पोचायचं आणि दिवस मावळताना एकट्यानं परत यायचं. जमलं तर चौकातलं ते काही नव्हतं, कुणाचंही होतं तसं. नाही जमलं तर ॲलिडाला आपणहून सांगायचं आणि चाव्या तिच्या हातात द्यायच्या. सांगायचं या शब्दापाशी आला की तो करार पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा.

शुक्रवारी ॲलिडानं त्याचे शिकारीचे कपडे धुतले, वास नसलेल्या साबणात, नेहमीसारखे, आणि मागच्या अंगणात दोरीवर टाकले. हरणाला माणसाचा वास लागता कामा नये. या धर्मापायी गेरिटनं संसारात फार जाच केला होता. हंगामात ॲलिडानं हाताला मलम लावायचं नाही, त्याच्या कपड्यांजवळ कांदा चिरायचा नाही, आणि मुख्य म्हणजे गाडीत पेपरमिंट खायची नाही. आता पेपरमिंट म्हणजे ॲलिडाचा दुसरा श्वास होता. चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की पर्समधून गोळी काढायची, अर्ध्या रांगेला वाटायची, हे तिनं आईकडून उचललं होतं आणि आईनं आजीकडून. तिच्या प्रत्येक कोटाच्या प्रत्येक खिशात गोळी नाहीतर गोळीचा कागद असायचाच. तरी ऑक्टोबर उजाडला की ती मुकाट्यानं पर्स रिकामी करायची. शनिवारी सकाळी तो निघाला तर ती कोट घालून दारात उभी. "मी येते. मला सफरचंदं आणायचीत बागेतून. तुला सोडते, संध्याकाळी न्यायला येते." "सफरचंदं कोपऱ्यावर मिळतात." "ती मऊ असतात," ॲलिडा म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसलीसुद्धा, नेहमीच्या जागेवर, त्याच्या शेजारी. वाटेत ती भारी बोलत होती. ते लाल कोठार बघ, नवं छप्पर घातलंय. अगंबाई, केवढाले भोपळे त्या अंगणात. त्या घोड्याच्या अंगावर पांघरूण आहे, थंडी पडली म्हणायची. गेरिट हं हं करत गाडी चालवत होता आणि रस्ता चुकला नव्हता. एकदाही नाही. पहिला अर्धा करार तर फत्ते, असं त्याला वाटत होतं.

सरकारी रान म्हणजे सगळ्यांचं रान. ज्याच्याकडे परवाना त्याला मोकळीक, आणि शहरापासून तासाभराच्या आत असल्यामुळे निम्म्या शहराकडे परवाना. खडीच्या मैदानात गाड्या लावायला जागा नव्हती. मागची फळी उघडून माणसं धनुष्यं काढत होती, बूट चढवत होती, काल रात्रीचा थंड पिझ्झा खात होती. "या काका, या," एक दाढीवाला म्हणाला. "हरणं कमी पडली तर आम्ही एकमेकांची शिंगं मोजणार आहोत आज." "तुझी मी इथूनच मोजली," त्याचा जोडीदार म्हणाला. गेरिट हसला, पण पूर्वीच्या सवयीनं त्याच्या कपाळाला आठी पडलीच. आयुष्यभर तो या गर्दीशी अबोला धरून होता. वास्तविक त्याची सगळी शिकार या गर्दीच्याच जिवावर चालली होती. माणसं कंटाळून दुपारी जेवायला परत फिरतात, त्यांच्या पावलांनी हरणं उठतात, आणि उठलेली हरणं ओकच्या झाडांमधून दलदलीकडे निघतात. दलदलीच्या तोंडाशी जिथं वाट चिंचोळी होते, तिथं त्याचं झाड होतं. ती जागा सापडायला त्याला तरुणपणाची कितीतरी वर्षं लागली होती. ॲलिडानं त्याच्या मफलरचं टोक आत खोचलं. "सांभाळून," ती म्हणाली. तिनं आणखी काही म्हणावं असं त्याला फार वाटलं. मग ती फिरून चाकामागे जाऊन बसली.

रानात शिरला की गेरिटच्या पायांना आपोआप हळू व्हायची सवय होती. टाच आधी, मग चवडा, वाळलेलं पान वाजता कामा नये. झाडांच्या खोडांवर टाचण्या होत्या, चपट्या डोक्याच्या, दिवसा राखाडी ठिपक्यासारख्या दिसणाऱ्या आणि अंधारात कपाळावरच्या दिव्याचा झोत पडला की मांजराच्या डोळ्यासारख्या लकाकणाऱ्या. काळोखात आपापल्या झाडापर्यंत पोचायला सगळेच शिकारी अशी रांग लावतात. पण सरकारी रानात आपली रांग दुसऱ्यालाही दिसते. फार वर्षांपूर्वी हंगामाच्या पहिल्या दिवशी तो भल्या पहाटे आपल्या झाडाखाली पोचला, तर वर एक गलेलठ्ठ माणूस बसून सँडविच खात होता. रान सगळ्यांचं, जो आधी बसला त्याचं झाड. बोलायची सोय नाही. वरून तो माणूस म्हणाला होता, "तुमच्या टाचण्या फारच छान आहेत हो. अजिबात चुकलो नाही." पुढच्या वर्षी गेरिटनं आपली सुप्रसिद्ध युक्ती केली. वाटेत एक कललेलं बीचचं झाड आहे. तिथून एका बाजूला खरी रांग. आणि दुसऱ्या बाजूला खोटी, अगदी सढळ हातानं टाचलेली, जी पाहुण्यांना थेट पाणकणसाच्या चिखलात नेऊन सोडायची. त्या मोसमात कुणीतरी कमरेपर्यंत आत गेला. त्याच्या शिव्या झाडावर बसून ऐकताना हसू दाबायला गेरिटला मफलर तोंडात कोंबावा लागला होता. आणि परतीसाठी त्यानं टाचणी म्हणून लावली नाही. खऱ्या रांगेतल्या टाचण्या जाताना दिसणाऱ्या बाजूलाच होत्या. उलट फिरलं की खोडं कोरी. परतीची वाट आपल्या डोक्यात आहे आणि डोक्यातली वाट कुणी चोरू शकत नाही, असं तो म्हणायचा. दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर तो ही गोष्ट सांगायचा, सगळ्या तपशिलांसकट, आणि शेवटचं वाक्य ॲलिडा म्हणायची, कारण तिला सगळं तोंडपाठ झालं होतं: "आणि त्याचा एक बूट अजून तिथंच आहे."

कललेल्या बीचपाशी गेरिट थांबला. एक रांग खरी, एक खोटी. गलेलठ्ठ माणसाच्या सँडविचमधलं चीज बाहेर आलं होतं हेही त्याला स्वच्छ आठवत होतं. पण खरी कुठली? डावी की उजवी? तो झाडाला हात लावून उभा राहिला. बीचची साल गार आणि गुळगुळीत होती. चौकात होतं तसंच सगळं होतं, फक्त इथं मागून भोंगा वाजवायला कुणी नव्हतं आणि शेजारी अंडी चाचपत बसलेलं कुणी नव्हतं. त्यानं नीट पाहिलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की रांग एकच आहे. डावीकडच्या खोडांवर टाचण्या होत्या. उजवीकडे तो चार झाडं पुढे गेला, सालीवरून बोटं फिरवली, आणि बोटांना बारीक भोकं लागली. इथंही टाचण्या होत्या, आणि त्या कुणीतरी उपटल्या होत्या. कुणी? त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की कुणीतरी सूड उगवला. खरी रांग उपटली आणि खोटी ठेवली, म्हातारा पडू दे आपल्याच खड्ड्यात. त्यात अन्याय होता असंही म्हणता येत नव्हतं. परत फिरावं तर करार तिथंच संपत होता. तो डावीकडे निघाला. पायांखालची जमीन मऊ लागू लागली, एका ठिकाणी बुटाभोवती पाणी आलं, आणि प्रत्येक टाचणीपाशी तो स्वतःला म्हणत होता, आणखी एक, आणखी एक बघू. मग जमीन पुन्हा घट्ट झाली, ओकची फळं पायाखाली चुरडली, आणि समोर त्याचं झाड उभं होतं, शिडीसकट, मचाणासकट. गेरिटचा जीव भांड्यात पडला. तो शिडीचा दांडा धरून नुसताच उभा राहिला. पोचलो, तो मनाशी म्हणाला, एकटा पोचलो. आणि मग शिडीच्या पायाशी, ओल्या पानात चिकटलेला, पावसानं रंग गेलेला एक चिमुकला कागद त्याला दिसला. दोन्ही टोकांना पीळ दिलेला. त्यानं तो उचलून नाकाशी नेला. वास कधीच उडून गेला होता, पण वासाची काही गरज नव्हती.

धनुष्य दोरीनं वर ओढून, कमरेचा पट्टा झाडाला बांधून तो मचाणावर बसला आणि हळूहळू त्याला सगळं दिसत गेलं. सप्टेंबरातला तो दिवस, ॲलिडा मैत्रिणीबरोबर, योहानाबरोबर, रजया बघायला म्हणून गेली होती आणि गालावर ओरखडा घेऊन आली होती. योहानाच्या अंगणातलं काटेरी झुडूप, म्हणाली होती. तिचे रबरी बूट मागच्या पायरीवर धुऊन ठेवलेले होते, आणि रजया बघायला रबरी बूट कशाला, असं त्याच्या मनात आलं नव्हतं. म्हणजे तेव्हाच तिला कळलं होतं. चौकाच्या कितीतरी आधी. गुडघा धरून जिना चढणारी ही बाई, गवतातल्या किड्यांना भिऊन स्वतःच्या बागेत मोजे वर ओढून जाणारी, ती बीचपाशी उभी राहिली असेल आणि टेबलावरची गोष्ट मनात म्हणून बघितली असेल: उजवीकडचा चिखल, डावीकडचं झाड. त्याची युक्ती तिच्याकडे सुखरूप होती. आणि लाल कोठार. ते कोठार उजवीकडे होतं आणि गाडी तिथं उजवीकडेच वळली होती. भोपळे डावीकडे, आणि तिथं डावं वळण. घोडा पुन्हा उजवीकडे. प्रत्येक वळणाच्या जरा आधी ॲलिडाला त्या त्या बाजूला काहीतरी बघण्यासारखं सापडलं होतं. गेरिटला एकदम लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की त्यानं धनुष्य मांडीवर आडवं ठेवलं. आता कराराचं काय? पोचलो, पण एकटा नाही पोचलो. हे कुणालाही कळण्याचं कारण नव्हतं. संध्याकाळी ती विचारेल, सापडलं ना? आपण म्हणू, न सापडायला काय झालं. ती हो ना म्हणेल. सायकलवाल्यासारखंच. असं किती दिवस चालेल, आणि किती दिवस ती एकटीच सगळं उचलत राहील?

दुपारी पानं वाजली. हरीण इतकं वाजत नाही. माणूसच होता, सकाळचा दाढीवाला, खोडाखोडाला निरखत येत होता. झाडाखाली येऊन त्यानं वर पाहिलं आणि ओशाळला. "माफ करा काका. टाचण्या दिसल्या, म्हटलं बघू कुठं जातात."

"इथं येतात," गेरिट म्हणाला.

"ते कळलं आता. निघतो मी. सकाळपासून तिसऱ्या झाडावरून हाकलला जातोय." तो वळला. एरवी गेरिटनं त्याला खुशाल जाऊ दिलं असतं, जमलं तर चिखलात. पण त्यानं हलकेच हाक मारली. "पाणकणसाच्या कडेनं पुढं जा. जळकं खोड लागेल, त्याच्या पलीकडे बस. वारा सरळ तुझ्या तोंडावर येईल. चांगली जागा आहे. मी पाय धड होते तेव्हा तिथं बसायचो."

दाढीवाला मागे वळला. "खरं सांगताय ना? नाही, म्हणजे या रानात कुणी असं सांगत नाही."

"खरं सांगतोय," गेरिट म्हणाला. "आजचा दिवस."

उन्हं कलल्यावर मादी आली. सरकारी रानातलं हरीण वेगळंच असतं. मचाणं बघून बघून ते शहाणं झालेलं असतं. चार पावलं टाकतं, थांबतं आणि मान उचलून झाडांचे शेंडे तपासतं. ही तर चांगली जुनी होती, तोंडाशी पांढुरकी झालेली, दोन-तीन हंगामांत गेरिटनं तिला पाहिलंही असेल. ती एका ओकच्या आड गेली तेव्हा त्यानं धनुष्य उचललं आणि दोरी गालापर्यंत ओढली. हातांना सगळं आठवत होतं. ती बाहेर आली आणि आडवी उभी राहिली, इतकी जवळ की पोटाचा भाता हललेला दिसत होता. एवढ्या जवळून तो कधी चुकला नव्हता. पण बाण लागला म्हणून हरीण जागच्या जागी पडत नाही. ते पळतं. मग शिकाऱ्यानं लक्षात ठेवायचं असतं: कुठं उभं होतं, कुठल्या झाडाजवळून गेलं, शेवटचं कुठं दिसलं. दम खाऊन बसायचं, उतरायचं, आणि मनात धरलेल्या त्या जागेपासून रक्ताचे थेंब शोधत जायचं. ती जागा मनात राहिली नाही तर हरीण कुठंतरी झुडपात रात्रभर तडफडतं आणि मरतं, आणि त्यासारखं पाप नाही, असं गेरिटच्या बापानं त्याला शिकवलं होतं. माझ्या मनात ती जागा राहील का? दोरी गालाशी टेकवून त्यानं स्वतःला विचारलं, आणि उत्तर त्याला माहीत होतं. त्यानं सावकाश दोरी सैल सोडली. त्या हालचालीनं मादीनं मान वर केली आणि थेट त्याच्याकडे पाहिलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग ती वळली आणि घाई न करता पाणकणसात शिरली. ती पार दिसेनाशी होईपर्यंत गेरिट तिकडे बघत होता, आणि त्याला वाटलं होतं तितकं वाईट वाटत नव्हतं.

उतरला तेव्हा झाडांखाली अंधारून आलं होतं. त्यानं धनुष्य खांद्याला लावलं, झाडाकडे पाठ केली आणि परतीची वाट डोक्यात शोधली. डोक्यात ती नव्हती. संध्याकाळी पावाच्या गाडीतल्या फळ्या रिकाम्या असायच्या तसं नुसतंच रिकामं होतं. चारी बाजूंना सारखीच खोडं, एका बाजूला कुठंतरी चिखल. त्याला घाम फुटला. पळायचं नाही, तो म्हणाला, पळायचं नाही. त्यानं कपाळावरचा दिवा लावला आणि मान फिरवली. समोरच्या खोडावर एक ठिपका लकाकला. त्याच्या पलीकडे दुसरा, मग तिसरा. गेरिटला कळेना. या बाजूला टाचण्या नव्हत्याच कधी. तो पहिल्या झाडापाशी गेला आणि त्यानं टाचणीवर बोट ठेवलं. जरा तिरकी बसली होती. अंगठ्यानं जोर लावून लावून, दम घेत लावल्यासारखी. या त्याच टाचण्या होत्या. उजवीकडच्या, चिखलाकडे नेणाऱ्या. ॲलिडानं त्या एकेक करून उपटल्या होत्या आणि खऱ्या रांगेतल्या प्रत्येक झाडाच्या पाठीवर आणून टोचल्या होत्या. जायची वाट त्याच्याकडे होती. परतीची तिनं लावली होती. गेरिटला रडू आलं. तिथं बघायला कुणी नव्हतं म्हणून त्यानं ते येऊ दिलं, आणि मग नाक पुसून एका टाचणीकडून दुसरीकडे चालत निघाला.

मैदानात इंजिनं सुरू होत होती, दिवे लागत होते. त्यांची गाडी कडेला उभी होती, आणि ॲलिडा शेजारच्या जागेवर जाऊन बसली होती, चाकामागची जागा त्याच्यासाठी मोकळी सोडून. मागच्या सीटवर सफरचंदांची टोपली होती. गेरिटनं धनुष्य मागं ठेवलं आणि तिच्या बाजूचं दार उघडलं.

"सापडलं ना झाड?" तिनं विचारलं.

"सापडलं. खोटी रांग उपटलीय कुणीतरी."

"लोकांना लाज नाही," ॲलिडा म्हणाली.

"नाही ना. सरक पलीकडे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघा सांभाळत चाकामागे सरकली. तो तिच्या ऊब राहिलेल्या जागेवर बसला आणि खिशातल्या चाव्या काढून तिच्या हातात दिल्या. तिच्याजवळ तिच्या स्वतःच्या होत्याच, तरी तिनं या घेतल्या, आणि त्याच लावल्या. खडी संपून डांबरी रस्ता लागतो तिथं तिनं गाडी थांबवली. रस्ता दोन्हीकडे सारखाच काळा होता.

"कुठं वळू?" ॲलिडानं विचारलं. जन्मभर ती त्याला असंच विचारत आली होती, माहीत असलं तरी.

गेरिटनं दोन्हीकडे पाहिलं. "मला माहीत नाही, ॲलिडा," तो म्हणाला. "त्या दिवशी चौकातही माहीत नव्हतं. सायकलवाला नव्हता."

"नव्हता," ती म्हणाली. तिनं त्याचा हात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. मागून पिकअप येऊन थांबली होती, पण त्या गाडीनं भोंगा वाजवला नाही. पुढच्या गाड्या एकामागून एक शहराकडे निघाल्या होत्या आणि त्यांचे मागचे लाल दिवे चढावरून लांबपर्यंत दिसत होते.

"त्यांच्या मागनं जाऊ," ॲलिडा म्हणाली. "पुढच्या शनिवारी जरा लवकर निघू. मी चालवीन, तू झाडावर बस. धनुष्य घे नाहीतर नको घेऊ."

"तुझ्या कोटात पेपरमिंट आहे," गेरिट म्हणाला.

"नाहीये. हंगाम आहे."

"आहे, ॲलिडा. डाव्या खिशात."

तिनं खिशात हात घातला, आणि त्यानं तळहात पुढे केला.